ओपन बसमधून चायनाटाऊन: चौसष्ट डॉलरला पार्किंगचं तोंड

सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाऊन बघायला म्हणून ओपन बसचं तिकीट काढणार असाल, तर काढू नका. शहराला एक चक्कर मारायची असेल, गुडघे साथ देत नसतील, तर गोष्ट वेगळी. पण ‘चायनाटाऊन दाखवतो’ म्हणून जे तिकीट आमच्या गळ्यात मारलं, त्यात चायनाटाऊन फार तर दीड मिनिट दिसलं, आणि त्यातलाही निम्मा वेळ एका भुयारी पार्किंगच्या दारात गेला.

जुलै २०२४. लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असते, आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी गेलो होतो. नापा, मॉन्टेरे वगैरे तिने गाडीने फिरवून आणलं. छान झालं. गाडीत बसलो, उतरलो, फोटो काढले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बुधवारी तिला ऑफिस होतं, म्हणून आम्ही दोघंच बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेने, निघालो. फ्रीमाँट ते पॉवेल स्टेशन पाऊण-एक तास, मुंबई लोकलची सवय असलेल्याला पोरखेळ.

निघताना लेक म्हणाली, “बाबा, जॅकेट घ्या दोघांची.” म्हटलं, जुलैत? कॅलिफोर्नियात? फ्रीमाँटला आदल्या दिवशी आम्ही पंखा लावून झोपलो होतो. मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, ही पंजाबी ड्रेसवर. चूक सर्वस्वी माझी, पण तिच्यामागचं शास्त्र नंतर कळलं ते सांगतो. राज्याच्या आतल्या भागातली सेंट्रल व्हॅली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, तिथली हवा वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरची हवा गोल्डन गेटच्या चिंचोळ्या फटीतून आत ओढली जाते. बाहेरचा समुद्रप्रवाह मुळातच थंड. म्हणजे आत जितकं तापेल, तितकं हे शहर गारठणार. इथला खरा उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. तुमचे फोटो तेव्हा चांगले येतील, आमचे आले नाहीत.

युनियन स्क्वेअरजवळ फुटपाथवर रंगीत जॅकेटवाला एक जण उभा होता, हातात लॅमिनेट केलेला नकाशा. नकाशावर चायनाटाऊनच्या जागी लाल कंदिलांचं चित्र. मी तीनदा विचारलं, बस चायनाटाऊनला जाते ना? तो तीनदा कंदिलांवर बोट ठेवून ‘येस’ म्हणाला. बोर्डावर माणशी अठ्ठावन्न लिहिलेलं, कार्ड घासल्यावर कागदावर आले चौसष्ट. विचारलं तर म्हणे प्रोसेसिंग फी. दोघांचे एकशे अठ्ठावीस. त्याला मी खोटारडाही म्हणू शकत नाही, याचीच जास्त चीड आहे. बस जाते. चायनाटाऊनच्या कडेने जाते. ‘आत जाते का’ हा प्रश्न मला सुचला नाही.

डोक्यात आमच्या मुंबईची ओपन बस, नीलांबरी होती. संध्याकाळची वेळ, मरीन ड्राइव्हचा वारा, वरच्या मजल्यावर मस्त बसायचं. त्याच उत्साहात आम्ही वर जाऊन उजवीकडची पुढची सीट पकडली.

आता हे नीट वाचा. आमची बस बुश रस्त्याने खाली उतरली आणि डावीकडे वळून कर्नी रस्त्याने उत्तरेला निघाली. बुशवर ग्रँट अव्हेन्यूच्या तोंडाशी चायनाटाऊनची ती प्रसिद्ध हिरव्या कौलांची कमान आहे. ती डावीकडे. कर्नीवरून कॅलिफोर्निया, सॅक्रामेंटो, क्ले असे एकेक चढाचे रस्ते वर जातात आणि प्रत्येकाच्या टोकाला क्षणभर लाल कंदील दिसून जातात. तेही डावीकडे. मग पोर्ट्समथ स्क्वेअर, चायनाटाऊनची जणू ओसरी. डावीकडेच. उजवीकडे आम्हाला दिसल्या बँका, ऑफिसं आणि एक भलंमोठं हॉटेल. मी मान वळवून डावीकडे पाहिलं तेव्हा पुढ्यात पोर्ट्समथ स्क्वेअरच्या खालच्या पार्किंगचं तोंड होतं, गाड्या आत घेणारं. वर डोक्यावरून पादचारी पूल गेला. आणि कानातल्या इअरफोनमध्ये बाई सांगत होती की हे अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या चायनाटाऊनांपैकी एक. तिचं वाक्य संपेपर्यंत बस पुढच्या वस्तीत शिरली होती.

पाच मिनिटांनी हिने विचारलं, “अहो, चायनाटाऊन कधी येणार?”

मी म्हटलं, येईल आता. वॉर्फ, म्हणजे बंदराचा धक्का, आलं तरी मी तेच म्हणत होतो.

मग पूल. गोल्डन गेट पुलाबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते खरं असेल, मला दिसला नाही. मनोरे धुक्यात कमरेपासून वर गायब होते. पूल २.७ किलोमीटर लांब आहे. बंद गाडीत हे अंतर तीन-चार मिनिटांचं असतं, वरच्या उघड्या मजल्यावर मला ते कसारा घाटाएवढं वाटलं. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून, आडवा येतो आणि त्याला अडवायला काहीही नसतं. हिने ओढणी कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, तर वाऱ्याने ती गाठ सोडवली. मी फोन काढला आणि बोटं वळेनात म्हणून परत खिशात ठेवला. शेजारच्या सीटवरचे दोघं उठून जिन्याने खाली गेले, मीही उठलो, तर खाली एक जागा नाही. सगळे शहाणे आधीच खाली जाऊन बसलेले. पलीकडच्या टोकाला बस थांबली, दहा मिनिटं, लोक उतरून धुक्याचे फोटो काढून आले. आणि मग तोच पूल परत! येताना वारा दुसऱ्या बाजूने, एवढाच फरक. हिच्या ओठांचा रंग बघून मी माझा रुमाल दिला. त्या रुमालाचं तिने काय करायचं होतं, मला आजही माहीत नाही.

पुलाबद्दल माझं मत: जॅकेट असेल तर उतरून चालत बघा, नसेल तर खालच्या मजल्यावर काचेआड बसा. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वरून बघण्याची चीज ती नाही.

अडीचच्या सुमारास पुन्हा युनियन स्क्वेअरला उतरलो. ‘चायनाटाऊनच्या थांब्यावर’ जायला पुढची बस घ्या, असं एकाने सांगितलं. चाळीस मिनिटं थांबलो. एक बस आली ती वर-खाली भरलेली, चालकाने हाताने नाही म्हटलं. तेव्हा ही म्हणाली, “चालल्याशिवाय अंगात ऊब यायची नाही. चला.” तिथून कमानीपर्यंत चालत किती वेळ लागला? आठ मिनिटं.

इथून पुढे माझा सूर बदलेल, त्याला इलाज नाही, कारण त्या दिवसाचे पुढचे तीन तास संपूर्ण अमेरिका दौऱ्यातले सगळ्यात चांगले गेले.

कमान १९७० ची, दोन्ही बाजूंना दगडी सिंह. वर चिनी क्रांतिनेते सुन यत्-सेन यांच्या शब्दांत लिहिलंय की आभाळाखाली जे आहे ते सर्वांच्या भल्यासाठी. आत शिरल्यावर तिसऱ्या दुकानात वीस डॉलरला स्वेटशर्ट मिळाला, वॉर्फवर बसमधून तशाच कपड्यावर पंचेचाळीसची पाटी पाहिली होती. दोन घेतले. छातीवर शहराचं नाव, वर अस्वल. घातला आणि जीव परत आला.

ग्रँट अव्हेन्यू म्हणजे आपल्या तुळशीबागेतला पर्यटकांपुरता भाग. पंखे, शोभेची मांजरं, चहाची भांडी. पण कॅलिफोर्निया रस्त्याच्या चौकात थांबाच. एका कोपऱ्यात पॅगोड्याच्या छपरांची सिंग चाँग इमारत. अशी छपरं बघून आपल्याला वाटतं, जुनं चीन. तसं नाही. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत चायनाटाऊन खाक झालं, तेव्हा शहरातल्या बड्या मंडळींचा डाव होता की ही मोक्याची जमीन मोकळी करून चिनी लोकांना दूर हंटर्स पॉइंटला हलवावं. इथल्या चिनी व्यापाऱ्यांनी घाईने परत बांधकाम काढलं, गोरे आर्किटेक्ट लावले आणि मुद्दाम बघणाऱ्याला ‘चिनी’ वाटेल अशी छपरं चढवली. पर्यटक येऊ लागले की कोणी उठवणार नाही, हा हिशेब. आणि हे कधी, तर चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा १८८२ चा कायदा लागू असताना. तो रद्द झाला १९४३ ला. म्हणजे ही कौलं म्हणजे एका अर्थी घर टिकवण्याचा अर्ज आहे. इअरफोनमधल्या बाईने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

समोरच्या कोपऱ्यात ओल्ड सेंट मेरीज, १८५४ चं विटांचं चर्च. भूकंपात भिंती टिकल्या. घड्याळाखाली लिहिलंय: मुला, वेळेचं भान ठेव आणि वाइटापासून दूर पळ. समोर त्या काळी वेश्यावस्ती होती, तिथे जाणाऱ्यांसाठी तो इशारा. बसथांब्यावर चाळीस मिनिटं घालवून आलेल्या माणसाला तो वेगळ्याच अर्थाने लागला.

एक गल्ली वर स्टॉकटन रस्ता, आणि खरी मंडई तिथे. पर्यटक कमी, हातगाड्या ओढणाऱ्या आज्या जास्त. त्या कोपराने वाट काढतात, वाईट वाटून घेऊ नका, भाजीपुढे सगळे सारखे. फिकट, गुळगुळीत कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, आल्याचे ढीग, आणि दोडके! हिने एक दोडका उचलून शिरेवर नख लावून पाहिलं, कोवळा आहे का ते. शेजारची चिनी आजी तिच्याकडे बघत होती. तिने हिच्या हातातला काढून परत ठेवला आणि ढिगातून दुसरा निवडून दिला. एक शब्द नाही. मग आणखी दोन दिले. रोख पैसे जवळ ठेवा, लहान दुकानांत कार्डाला नाक मुरडतात.

रॉस अॅलीमध्ये १९६२ पासूनचा फॉर्च्युन कुकीचा, म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांचा, कारखाना आहे. कारखाना म्हणजे आपल्याकडच्या पापडवाल्यांच्या खोलीएवढा. तव्यांचं चक्र फिरत येतं, समोर बसलेली बाई तव्यावरून गरम, मऊ चकती उचलते, मध्ये चिठ्ठी ठेवते, अर्धी दुमडते आणि एका दांड्यावर दाबून वाकवते. दोन-तीन सेकंदांत. उशीर झाला की चकती गार होऊन तडकते. गंमत म्हणजे हा पदार्थ चीनचा नाहीच, मूळ जपानी. फोटो काढायचा तर तिथल्या डब्यात नाणी टाका, ती पाटी वाचा आणि हुज्जत घालू नका.

वेव्हर्ली प्लेसवर तिन हाव देऊळ, १८५२ सालापासूनचं. समुद्रात जहाजांना राखणाऱ्या देवीचं, जहाजाने आलेल्यांनी बांधलेलं. तीन मजले अरुंद जिना, लिफ्ट नाही, पर्वती चढणाऱ्याला किरकोळ. आत फोटो बंद. उदबत्तीचा वास मात्र थेट आपल्या देवळाचा. वॉशिंग्टन रस्त्यावर एक छोटी तीन छपरांची इमारत दिसेल, आता तिथे बँक आहे. ते जुनं चिनी टेलिफोन एक्स्चेंज. माणसाला नंबराने हाक मारणं असभ्य, म्हणून तिथल्या ऑपरेटर मुलींना सगळ्या ग्राहकांची नावं पाठ असत.

खायचं म्हणाल तर शाकाहारींनी सावध राहा. भाजीतही ऑयस्टर सॉस असतो, आणि तिळाच्या गोळ्यात डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे ‘व्हेज’ एवढं विचारून भागत नाही. आम्ही चहा आणि संत्री यांवर भागवलं.

उतरताना पोर्ट्समथ स्क्वेअरला टेकलो. म्हातारी माणसं टोळक्याने पत्ते खेळत होती, खोक्याचं टेबल करून, पानं आपटण्याचा आवाज गावच्या पारावरचा. सार्वजनिक शौचालयही तेव्हा इथे होतं. तिथल्या पादचारी पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर आमचीच बस, म्हणजे त्याच कंपनीची, कर्नीवरून येत होती. वर पुढच्या सीटवर एक जोडपं, अर्ध्या बाह्यांत, उजवीकडे बसलेलं, हॉटेलचा फोटो काढत होतं. हिने हात हलवून डावीकडे खूण केली. त्यांनी हसून परत हात हलवला.

तुम्ही असं करा. पॉवेलला बार्टमधून उतरलात की तिथूनच म्युनीची, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेची, टी लाइन घ्या, पुढचंच स्टेशन चायनाटाऊन-रोझ पाक. ते स्टॉकटनवर, म्हणजे वरच्या अंगाला निघतं. आधी मंडई, मग गल्ल्या, मग ग्रँट, शेवटी पोर्ट्समथ, असा सगळा उतार पायाखाली येतो. आम्ही उलटे चढलो. २०२४ मध्ये भाडं रोख तीन डॉलर होतं, बार्टचं क्लिपर कार्ड दाखवलं तर थोडं कमी. केबल कार तेव्हा आठ डॉलर होती, पण पॉवेलच्या रांगेत उभे राहू नका, कॅलिफोर्निया रस्त्याची लाइन घ्या, ती थेट चर्चपाशी जाते. बसच घ्यायची तर डावीकडे बसा आणि कमान दिसली की घड्याळ लावा.

आमचं तिकीट चोवीस तासांचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चाललं असतं. अकरा वाजता ही दोडक्याच्या शिरांची चटणी परतत होती आणि मी अस्वलाचा स्वेटशर्ट घालून, फ्रीमाँटच्या बत्तीस अंशांत, नाक पुसत बसलो होतो.