चालू नको मंद

बुधवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण एक कागदी कप. लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं, पण खोडत नाही.

आज वहिनींकडे भजनाची तालीम होती. पालख्या पुण्यात यायला नऊ दिवस उरलेत आणि आमचा गजर अजून बसत नाही. त्या नव्या बाई आज तिसऱ्यांदाच आल्या होत्या. पेटीवाल्या काकांनी त्यांना म्हटलं, तुम्ही घ्या एक, तर त्यांनी चोखोबाचा 'धाव घाली विठू आता, चालू नको मंद' घेतला. हा आम्ही वर्षानुवर्षं म्हणतो. आमची चाल उडती आहे, टाळ्यांवर बसते, लोकांना आवडते. त्यांनी ठाय, म्हणजे अगदी संथ लयीत धरला, आणि 'बडवे मज मारिती'पाशी आम्ही सगळ्या आवाज चढवतो तिथे त्यांनी तो खाली आणला. मारणारा अजून दाराशीच उभा असावा आणि त्याला ऐकू जाऊ नये, असा. माझे टाळ हातातच राहिले. काकांनीही नुसता सूर धरून ठेवला.

मग चहा. वहिनींनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" त्या काही म्हणालेल्याच नव्हत्या. मग सांगितलं. वहिनी "हो का, हो का" म्हणाल्या. एकदा 'हो का' म्हणजे चौकशी. दोनदा म्हणजे काय, ते आपल्याकडे शाळेत न जाताही कळतं. ट्रे बाहेर आला. निळ्या काठाचे कप आम्हाला, त्यांना कागदी. "कप कमी पडले हो."

त्या म्हणाल्या, "चालतंय की." आणि प्यायल्या.

ट्रे ठेवायला मी आत गेले. ओट्यालगतच्या जाळीत दोन कप उपडे होते. निळ्या काठाचेच.

ओले होते का ते? एखाद्याचा कान पिचलेला असेल, म्हणून बाजूला ठेवला असेल? नुसतं बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. मी बोट फिरवलं नाही. बाहेर येऊन माझा अर्धा राहिलेला चहा संपवला, वर "आलं छान लागलंय" असंही म्हणाले. हे का म्हणाले असेन मी?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कमी पडले असतील. तुला सगळ्यात काहीतरी दिसतं." मग मॅच.

मागच्या वर्षी मेलबर्नच्या ट्राममध्ये मनूच्या शेजारची बाई उठून पलीकडे उभी राहिली, तेव्हा मला 'उतरायचं असेल तिला' असं सुचलं नव्हतं. मनूच म्हणत होती, "आई, जाऊ दे." मी म्हटलं, याला वर्णद्वेष म्हणतात, जाऊ कसं देऊ? दोन दिवस नीट जेवले नाही. देवापुढे बसून रडले, की माझ्या सोन्यासारख्या लेकीच्या कातडीत काय रे कमी ठेवलंस. तेव्हा मला कुणाचा कप ओला की कोरडा हे बघावंसं वाटलं नव्हतं. जाऊ दे.

आणि मला एकटीलाच का हे? त्या खोलीत काकांना धरून आम्ही बाराजण होतो. वहिनी एव्हाना घोरत असतील. बाकीच्यांना आलं छान लागलं असेल. मीच इथे दिवा लावून बसले आहे, सकाळी पाठ धरणार आहे, आणि त्याचंही कुणाला काही नाही.

आजोबांच्या गोष्टी आठवतायत. चोखोबाच्या वाटची मेलेली गुरं ओढायला देव स्वतः आला. त्याची बायको सोयराबाई अडली होती तेव्हा नणंदेचं रूप घेऊन तिचं बाळंतपण करून गेला. पुजाऱ्याने चोखोबाच्या थोबाडीत मारली, तर गाभाऱ्यात मूर्तीचा गाल सुजलेला. या शेवटच्या गोष्टीला आजोबांचा गळा दाटायचा. आम्ही पोरं देवाच्या गालाने कळवळायचो. चोखोबाच्या गालाचं पुढे काय झालं, हे आमच्यातल्या एकाही पोराने विचारलं नाही.

आज वाटतंय, हा देव येतो खरा, पण कायम मागच्या दाराने. दुसऱ्याचं रूप घेऊन, कुणाला कळणार नाही असा. गुरं ओढतो, नाळ कापतो, जेवायला बसतो. एवढं सगळं करणाऱ्याला महाद्वाराची एक कडी काढता येत नव्हती? माया आहे, पण चारचौघांत ओळख द्यायची नाही. अशी माया करणारे पुरुष आपण पाहिलेत. त्यांना आपण काय म्हणतो?

चोखोबा गेला मंगळवेढ्याला, 1338 साली. गावकुसाच्या कामावर होता, कूस अंगावर कोसळलं. ज्या कुसाच्या आत राहायची मुभा नाही तेच बांधताना. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती त्याची, असं सांगतात. ती पंढरपूरला आणून महाद्वारात पुरली. समाधी तिथेच आहे, नामदेव पायरीसमोर. म्हणजे हाडं झाल्यावरसुद्धा बाहेरच.

आणि अस्पृश्यांसाठी ते दार उघडलं 1947 साली. साने गुरुजी 1 मेला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, 10 मेला सुटलं. आत्ता पाठीमागच्या पानावर वजाबाकी करून पाहिली. सहाशे नऊ वर्षं. 'चालू नको मंद' म्हटल्यावर सहाशे नऊ. आणि तेव्हाही उपाशी राहिला तो एक हडकुळा मास्तर, विटेवरचा नाही. वर असंही सांगतात, की ही माणसं आत येणार म्हणून कुणी मूर्तीतलं तेज मंत्र म्हणून घागरीत काढून ठेवलं होतं. सगळं विश्व व्यापून उरणारा, आणि एका घागरीत मावला. कळशी असती तर कळशीत मावला असता.

रमाबाईंनाही पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेब त्यांना म्हणाले, जिथे तुला लांबून दर्शन घ्यावं लागेल तिथे कशाला, आपण दुसरी पंढरी उभी करू. हा हिशेब स्वच्छ आहे. जो दार उघडत नाही त्याच्या दाराशी थांबायचं नाही. गंमत म्हणजे अस्पृश्यतेच्या मुळाविषयीचं त्यांचं 1948 चं पुस्तक त्यांनी तिघांच्या स्मृतीला वाहिलंय: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. देव सोडला, चोखोबाला नाही सोडलं. मी उलटं करत आलेय बहुतेक.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो चोखोबाचाच एक अभंग. 'मी यातिहीन महार, पूर्वी नीळाचा अवतार.' मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म. मार खाणाऱ्यानेच माराचं कारण शोधून द्यायचं, तेही स्वतःच्या खात्यावर. आजोबांना हा अभंग फार प्रिय. 'बघा केवढी नम्रता!' आईच्या आजारपणातही ते पूर्वसंचित म्हणाले होते. त्या तीन महिन्यांबद्दल आज लिहायचं नाही.

पण चोखोबाच्याच घरात कर्ममेळा होता. पोटचा पोरगा. तो सरळ विचारतो, 'आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती.' उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, म्हणतो. बाप म्हणतो माझं चुकलं असेल, लेक म्हणतो तुझं चुकलंय. एकाच चुलीवरचं जेवलेले दोघं. आमच्या मंडळाच्या वहीत चोखोबाचे सात अभंग आहेत, कर्ममेळ्याचा एकही नाही. वही मीच उतरवली आहे, माझ्याच अक्षरात.

आत्ता एक फार छान विचार आला होता. देव विटेवर गप्प, मी कप हातात घेऊन गप्प, मग त्याला कोणत्या तोंडाने विचारू? लिहायला घेतला आणि लक्षात आलं, की यात दोघंही सुटतो. मी देवासारखी, देव माझ्यासारखा, झाकली मूठ. त्या बाई तिथेच, कागदी कप दुमडून कुठे टाकावा ते बघत. त्यांनी तो टाकला नाहीच. पर्समध्ये ठेवला. हे आत्ता लिहिताना आठवलं. दोन बोटांनी चेपून सपाट केला, आतल्या कप्प्यात सरकवला आणि चेन लावली.

साडेबारा वाजले. देवघरासमोर जाऊन आले. दिवा विझलेला. हात जोडले नाहीत, तशीच उभी राहिले. जनाबाई बरी. 'अरे विठ्या, विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणायची आणि पुन्हा त्याच्याबरोबर दळायला बसायची. मीही म्हणून पाहिलं, हळू आवाजात, हे जागे होऊ नयेत म्हणून. शिवी हळू आवाजात द्यायची म्हणजे मी तरी काय. पण बरं वाटलं. नसता तर कुणाला दिली असती?

त्याच्याशी माझं आता जुळणार नाही आणि फाटणारही नाही असं दिसतंय. पन्नास वर्षांची सवय आहे. सकाळी तुळशीला पाणी घालीनच, फक्त गोड बोलणार नाही. त्याला फरक पडेल असं नाही, पण तो मंद चालतो तर मीही थोडी मंद वाजवीन टाळ. हा माझा सत्याग्रह. गुरुजींनी हात कपाळावर मारला असता.

वहिनींना विचारायचं का? विचारलं तर म्हणतील, अगं ते कप गळके होते. असतीलही. मग मी काय करणार, तुमचे कप आणा बघू, म्हणणार?

पुढच्या बुधवारी तालीम माझ्याकडे आहे. म्हणून मघाशी फळीवरचे सगळे कप काढून ओट्यावर मांडले. आवाजाने हे उठून आले. "काय चाललंय?" म्हटलं, मोजतेय. दिव्याकडे धरून एकेक बघितला, तडा आहे का, कान धड आहे का. नीट असे अकरा निघाले.

आणि आम्ही बाराजण, म्हणजे माझ्याकडेही एक कमीच पडतो. मला एकदम हसायला आलं, ह्यांना वाटलं ताप आहे. मी स्टीलच्या पेल्यात घेईन. भाजेल.