रिपोर्टात न आलेले कष्ट

सोमवार, रात्री

माझ्या असेसमेंटचा रिपोर्ट आला. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, पातळी १, म्हणजे आधाराची गरज सगळ्यात कमी असलेली. सोबत बौद्धिक किंवा भाषेची अडचण नाही. निदानाबद्दल मला फारशी शंका नव्हती. कित्येक वर्षं वाचत होते, वाचलेलं स्वतःशी ताडून बघत होते. तरी जाणकार माणसाच्या सहीने तेच समोर आलं तेव्हा घशाशी आवंढा आला. शाळेपासून तुटक, हट्टी, नाजूक असं काय काय ऐकून घेतलंय. ते सगळं एका जागी आलं आणि त्यात माझा दोष कुठेच नव्हता.

पण चौथ्या पानावर एक वाक्य आहे आणि दुपारपासून मी तिथून पुढे सरकलेली नाही: ‘नजरानजर समाधानकारक, संभाषण सहज.’

सहज नव्हतं ते. कसं होतं ते इथे लिहूनच ठेवते. असेसमेंटच्या खोलीतली ट्यूबलाइट बारीक गुणगुणत होती आणि तो आवाज माझ्या कानात पूर्ण वेळ होता. मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, दोन भुवयांच्या मध्ये बघते. समोरच्याला फरक कळत नाही. मनात तीनपर्यंत मोजायचं, नजर टेबलावर आणायची, पुन्हा वर न्यायची. मान कधी डोलवायची ते आवाजाच्या चढउतारावरून ठरवायचं, कारण शब्द आणि चेहरा दोन्हींकडे एकदम लक्ष देणं मला जमत नाही. तपासणाऱ्या मॅडमनी मध्येच स्वतःच्या सुट्टीबद्दल काहीतरी सांगितलं. अशा वेळी आपण उलट प्रश्न विचारायचा असतो हे मला आठवलं आणि मी विचारला. (असं मुद्दाम करतात, आपण विचारतो का ते बघायला. हे मी नंतर वाचलं.) घरी येऊन पडदे ओढले आणि आडवी झाले. रात्रीपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही. नवऱ्याने काही विचारलं की फोनवर टाइप करून दाखवत होते.

यातलं काहीच रिपोर्टात नाही. सगळं झालं ते त्या दाराबाहेर, नाहीतर माझ्या डोक्यात.

मंगळवार

आज शांतपणे पुन्हा वाचला.

मुख्य चाचणी एडॉसची. कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये मांडली, तेव्हा समोर मुलं होती. आता वय आणि बोलता येणं बघून तिचे वेगवेगळे भाग केलेत, त्यातला चौथा नीट बोलू शकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. शब्द नसलेल्या चित्रांच्या पुस्तकावरून गोष्ट सांगा, दात कसे घासता ते हातवारे करून दाखवा, समोर ठेवलेल्या वस्तू घेऊन काहीतरी रचा, मैत्री म्हणजे काय, एकटं वाटतं का. मला या चाचणीबद्दल आदर आहे. दोन वेगळ्या ठिकाणचे दोन तज्ज्ञ तिच्यामुळे एकाच पद्धतीने बघू शकतात आणि हे काही थोडंथोडकं काम नाही. पण ती बघते ते त्या तासाभरातलं वागणं. त्या तासाची तयारी मी आयुष्यभर करत आले आहे.

मग प्रश्नावल्या. ऑटिझम कोशंट, सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची, २००१ मधली: ५० विधानं, ३२ आणि त्यावर गुण आले तर पुढे नीट बघा. आणि कॅट-क्यू, लॉरा हल आणि सहकाऱ्यांची, २०१९ मधली, २५ विधानांची. ही माझ्या मनातली. आपण ऑटिझम किती झाकतो, उणीव भरून काढायला काय काय शिकून घेतो, घोळक्यात मिसळायला किती जोर लावतो, हेच ती विचारते. प्रत्येक विधान वाचताना वाटत होतं की कुणीतरी माझ्या खांद्यावरून डोकावून लिहिलंय. रिपोर्टात तिचा एकूण आकडा तेवढा शेवटच्या तक्त्यात आहे. ‘संभाषण सहज’ या वाक्याशेजारी तो आकडा ठेवला असता तर त्या वाक्याचा अर्थच बदलला असता.

निदानाच्या निकषांना तरी हे ठाऊक आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्पष्ट म्हटलंय की लक्षणं बालपणापासून असायला हवीत, पण बाहेरच्या मागण्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकलीही जातील. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा त्रासही निकषांत आला तो तेव्हाच. आणि ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ मध्ये मॉस्कोत स्वतः तपासलेल्या मुलांबद्दल लिहिताना आवाजाचा आणि वासाचा हा त्रास नोंदवून ठेवला होता. म्हणजे लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा ऑटिझमबद्दलचा तो प्रसिद्ध लेख लिहिला, त्या १९४३ च्याही आधी. बाईंचं लिखाण जगाने नीट वाचायला फार उशीर केला, याचा मला खरोखर राग येतो.

बुधवार

आईशी बोलले. लहानपणीची माहिती घ्यायला तिला बोलावलं होतं, तेव्हा तिने काय सांगितलं ते आज पहिल्यांदा रिपोर्टात वाचलं. ‘बदलांचा विशेष त्रास नव्हता. कपड्यांबाबत तक्रार नव्हती.’

मी विचारलं, “आई, खरंच नव्हता का त्रास?”

“नव्हताच. तू गुणी होतीस. रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचं सगळं ओळीने सांगितलं की झालं. आधी हे, मग हे, मग अमुक येणार. एखादं राहिलं तर मात्र तुझं काही खरं नसायचं.”

“आणि कपडे?”

“त्यांच्या मानेमागच्या पट्ट्या मी आणल्या आणल्याच कापून टाकायचे. शिवण टोचली तर उलटा घालायचा फ्रॉक. त्यात काय!”

मला काही क्षण बोलताच येईना. हिने माझ्यासाठी एक अख्खं जग लावून ठेवलं होतं, इतक्या सवयीने की ते तिला काम वाटलंच नाही. त्यामुळे ‘त्रास होता का’ याचं उत्तर ती प्रामाणिकपणे नाही असं देते. हा प्रश्न आईवडिलांना विचारायचा असेल, तर त्याच्या जोडीला ‘त्रास होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करत होता’ हा प्रश्न हवाच. माझ्या मते सगळ्या असेसमेंटमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच ठरेल.

फोन ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं, “माझ्याकडून काही कमी पडलं का गं?” जगभरच्या आयांच्या मनात हा प्रश्न कुणी घातला ते मला माहीत आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असं होतं असं मोठमोठी माणसं छातीठोकपणे सांगत होती. ब्रूनो बेटेलहाइम त्यांच्यात पुढे. बर्नार्ड रिमलँड या ऑटिस्टिक मुलाच्या वडिलांनीच १९६४ मध्ये ते खोडून काढायला घेतलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. आकडे लहान, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारे. आईला मी एवढंच म्हटलं, “हे तुझ्या वागण्यातून आलेलं नाही. उलट तू केलंस म्हणून मी तगले.” ती रडली. मीही.

शुक्रवार

झोप नाही, म्हणून वाचन.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने म्हटलं की एकमेकांना न कळणं ही दुहेरी अडचण आहे. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हाला आम्हीही कळत नाही. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटाने हे तपासायला आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. एकाने गोष्ट ऐकायची, पुढच्याला सांगायची. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत जास्त गळाली. २०२५ मध्ये कितीतरी जास्त माणसांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीतही तशी गळती दिसली नाही. तरी दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली: ऑटिस्टिक माणसांनी सांगितलेलं कमी पोचतं, असं आढळलं नाही.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास मात्र मला छातीत लागला. ऑटिस्टिक माणसांची काही सेकंदांची चित्रफीत बघून किंवा आवाज ऐकून लोकांनी त्यांना कमी पसंती दिली, त्यांच्याशी बोलावंसं कमी वाटलं. तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं तेव्हा तो फरक उरला नाही. म्हणजे बोलण्यात खोट नव्हतीच! लिहिताना मला मोकळं का वाटतं आणि मीटिंगमध्ये माझं मत हवेत का विरतं, याचा एवढा सरळ खुलासा मला आजवर कुणी दिला नव्हता.

शनिवार

मॅडमना ईमेल केला. रिपोर्ट ऑफिसात द्यायचा आहे. सूचना लेखी मिळाव्यात, अचानक फोन येऊ नयेत, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी कळावेत, एवढंच मागायचं आहे. ‘संभाषण सहज’ असं वाचून हे कोण देईल? म्हणून विनंती केली की ते वाक्य तसंच राहू दे, पण त्याच्या लगेच खाली दोन गोष्टी याव्यात: अशा संभाषणासाठी मी काय काय करते आणि नंतर सावरायला मला किती वेळ लागतो. कॅट-क्यूचा आकडाही तक्त्यातून वर यावा. आणि आईच्या मुलाखतीत तिने केलेल्या तजविजींची भर पडावी. ती पुन्हा बोलायला तयार आहे.

संध्याकाळी उत्तर आलं. त्यांनी मनापासून लिहिलंय की हे त्यांनी विचारायला हवं होतं. रिपोर्टला पुरवणी जोडायला त्या तयार आहेत. पुढच्या आठवड्यात आईशी बोलतील आणि माझ्याशी लेखीच संवाद ठेवतील. पहिल्या मुद्द्याचा मसुदा त्यांनी माझ्याकडेच मागितला आहे. उद्या सकाळी तो लिहायला घेते.