कार्प नोंदी: मासा पाण्याबाहेर किती वेळ राहणार, हे गाठ बांधतानाच ठरतं

या हंगामात सामानाची सगळी मांडणी एकाच प्रश्नाभोवती नव्याने केली. गळाला लागलेल्या कार्पला पाण्यात परत जाईपर्यंत किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात त्याला काय काय सोसावं लागतं? मॅट (मासा ठेवायची मऊ गादी), ओले हात, अलगद सोडणं हे सगळं किनाऱ्यावरचं काम, आणि आपण बहुतेक जण ते नीट करतो. पण हंगामभर टिपत गेलो तसं दिसलं की मासा काठाशी पोचतो तेव्हा त्याची अवस्था आधीच ठरलेली असते. ती ठरवतात तंगूस, गळ, लीडची (आमिष तळाला नेणाऱ्या वजनाची) जोडणी आणि टाकायला निवडलेली जागा. म्हणून या नोंदीचा बराचसा भाग मासा लागण्याआधीच्या तयारीवर आहे.

आधी तंगूस. बारीक तंगूस वापरली की जास्त मासे लागतात, असं बरेच जण मानतात. स्वच्छ, उथळ पाण्यात त्यात तथ्य आहेही. पण बारीक तंगुशीवर मोठा कार्प खेळवायचा म्हणजे ड्रॅग (रीलवरून तंगूस किती जोराने सुटेल ते ठरवणारा ब्रेक) सैल ठेवावा लागतो, मासा लांब पळतो, वनस्पतींत शिरतो आणि दमून काठाशी येतो. मी आता ०.३५ मिमीची, १५ पौंडांची मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी धाग्याची तंगूस वापरतो. वेणीची लाइन (बारीक धागे विणून केलेली) मुख्य दोरी म्हणून मी ठेवत नाही. ती ताणली जात नाही, त्यामुळे शेवटच्या धडकेत सगळा हिसका माशाच्या ओठावर येतो. मोनोफिलामेंट थोडी ताणते आणि तो हिसका पोटात घेते. कार्पच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो. मासा वळताना तंगूस त्यावरून घासली गेली तर तुटू शकते, आणि सैल, धारदार तंगूस खवल्यांखाली शिरून अंगही कापते. म्हणून लीडच्या वरचा साधारण मीटरभर भाग मऊ नळीत घालतो. गाळाच्या तळावर ती नळी दिसतही नाही.

रॉड १२ फुटी, टेस्ट कर्व्ह (रॉडचं टोक काटकोनात वाकवायला लागणारं वजन) २.७५ पौंड. लांब फेकायची गरज नसेल तर तीन पौंडांच्या वर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. कडक रॉड काठाजवळ वाकत नाही, आणि गळ सुटतो तो बहुधा तिथेच. रॉड बुडापर्यंत वाकायला हवा. मासा काठाखाली गोल फिरायला लागला की त्याचा जोर त्या वाकण्यातच जिरतो आणि ड्रॅगला हात लावावा लागत नाही.

आता रिग, म्हणजे तंगुशीच्या टोकाची गळ आणि आमिषाची बांधणी. हेअर रिगचं श्रेय केव्हिन मॅडॉक्स आणि लेनी मिडलटन यांना जातं. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ही कल्पना पुढे आली आणि कार्पची गळमासेमारी तिथून बदलली. आमिष गळात न टोचता गळाच्या मागे एका बारीक दोऱ्यावर, म्हणजे ‘हेअर’वर लटकवायचं. कार्प तळावरचं खाणं ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि नको असलेलं फुंकून बाहेर टाकतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. आमिष बाहेर फुंकताना मोकळा गळ मागोमाग येतो, वळतो आणि खालच्या ओठाच्या मांसल भागात बसतो. रिग नीट असेल तर गळ जवळपास दरवेळी तिथेच मिळतो, आणि तिथला गळ काढायला अगदी थोडा वेळ लागतो. तोंडाच्या कोपऱ्यात खोल किंवा वरच्या बाजूला बसलेला गळ काढताना त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

माझी सध्याची बांधणी अशी. सहा नंबरचा, काटा (टोकामागचं उलटं टोक) नसलेला गळ. सुमारे १८ सेंमीचा, वरून कडक आवरण असलेला वेणीचा दोर. नॉटलेस नॉट, म्हणजे गळाच्या दांड्याभोवती दोर गुंडाळून केलेली गाठ. गळाच्या वाकाजवळ आवरण थोडं सोलून मोकळा भाग ठेवलेला, म्हणजे गळ सहज वळतो. १५ मिमीची बॉयली (उकडून केलेली आमिषाची गोळी) आणि गळाचा वाक यांच्यात बोटाच्या पेराइतकीही जागा ठेवत नाही. हेअर लांब झाला की गळ आत खोलवर जातो, आखूड झाला की वळतच नाही. या एका मापाने निकाल किती बदलतो ते कळण्यासाठी बांधलेला रिग तळहातावर ठेवून हळू ओढून बघा. गळाचं टोक दरवेळी खाली वळून कातडीत अडकायला हवं. ओढूनही तो आडवाच सरकत राहिला तर तो रिग पाण्यात टाकू नका.

काटा असलेला गळ की नसलेला, हा वाद आपल्यात कायमचा आहे. काटा असलेला गळ खेळवताना हलत नाही, पण काढताना मांस फाडतो. काटा नसलेला सहज निघतो, मात्र तंगूस सैल झाली की भोकात पुढेमागे हलतो किंवा सुटून जातो. मी काटा नसलेलाच वापरतो आणि तंगूस शेवटपर्यंत ताणलेली ठेवतो. एखादा मासा सुटला तरी चालेल, पण ओठाची चिंधी झालेला मासा मला हातात घ्यायचा नाही.

लीडबाबत मात्र तडजोड नाही. बोल्ट रिगमध्ये ८५ ग्रॅमचं लीड अर्धवट घट्ट बसवलेलं असतं. मासा गळ टोचून दचकतो, लीडचं वजन गळ आत बसवतं आणि मासा सुसाट पळतो. पण मुख्य तंगूस तुटली तर तेच लीड माशाच्या तोंडाला लोंबकळत राहता कामा नये. लीड धरून ठेवणाऱ्या क्लिपचं रबर इतकंच दाबायचं की फेकताना लीड टिकेल आणि वनस्पतीत अडकल्यावर सुटून जाईल. घरी क्लिप बोटांत धरून लीड बाजूला ओढून बघतो. जोर लावल्याशिवाय सुटत नसेल तर रबर सैल करतो. प्रत्येक नव्या रबरासोबत ही चाचणी पुन्हा.

जागा निवडताना हंगामभर सर्वांत जास्त वेळ तळ वाचण्यात गेला. गळ न लावता नुसतं लीड फेकायचं, तंगूस बोटावर ताणलेली ठेवायची आणि लीड तळाला टेकताना काय जाणवतं ते ऐकायचं. खडीवर रॉडमध्ये टणक ठोका येतो. गाळात लीड मऊ बसतं आणि ओढताना चिकटतं. वनस्पतीत ठोका येतच नाही. सगळ्यांना खडी आवडते, कारण तिथे रिग स्वच्छ बसतो. मला मात्र खडी आणि गाळ यांच्या सीमेवर जास्त यश आलं. गाळातले किडे खायला कार्प तिथे येतात आणि पहाटे त्यांच्या खोदण्याने बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर येतात. तिथे रिगचा दोर थोडा लांब आणि लीड हलकं ठेवलं की आमिष गाळात बुडत नाही. बुडालेली झाडं किंवा दाट वनस्पती जवळ असेल तर ती जागा मी सोडूनच देतो, तिथे कितीही मासे दिसोत. लागलेला मासा जिथून सुखरूप बाहेर काढता येणार नाही, तिथे गळ टाकायचा कशाला?

काठावर पाय वाजवू नका, हे सगळे सांगतात. त्यामागचं कारण कळल्यावर ते जास्त मनावर घेतलं जातं. कार्पची हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने अंतर्कर्णाशी जोडलेली असते, म्हणून पाण्यातला आवाज त्याला फार चांगला ऐकू येतो. सामानाची पेटी जमिनीवर आपटणं म्हणजे त्याला आपण आल्याची वर्दी देणं.

चाऱ्याबद्दल थोडक्यात. कार्पला जठर नसतं. खाल्लेलं घशातल्या दातांनी चिरडलं जातं आणि थेट आतड्यात जातं, म्हणून तो थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खातो. एकदम ढीग टाकण्यापेक्षा मूठमूठ चारा जास्त वेळ मासा जागेवर ठेवतो. कोरडे दाणे कधीही टाकू नयेत. मका आणि टायगर नट्स (दाण्यासारखे छोटे कंद) २४ तास भिजवून, मऊ होईपर्यंत शिजवूनच वापरायचे. न भिजलेला दाणा माशाच्या पोटात फुगतो.

किनाऱ्यावरची तयारी मी रॉड टाकण्याआधी करतो, मासा लागल्यावर काहीही शोधायला जायचं नाही म्हणून. मॅट पाण्याजवळ, सपाट जागी. फुगीर कडांची मॅट घ्या, उडी मारणारा मासा तिच्यातच राहतो. शेजारी पाण्याने भरलेली बादली. चिमटा मॅटच्या उजव्या कडेला. वजनाची झोळी ओली करून, वजनकाटा त्या ओल्या झोळीसकट शून्यावर आणून ठेवलेला. लँडिंग नेट पुरेसं मोठं, ४२ इंची दांड्यांचं, जाळी मऊ आणि गाठी नसलेली.

एक मासा सविस्तर टिपून ठेवला आहे, कारण सगळी जोडणी एकत्र कशी चालते ते त्याच्यात दिसलं. मिरर कार्प, पहाटेचा. मासा लागल्याचं कळवणारा अलार्म एकसलग वाजला, मासा खडीच्या बाजूने वनस्पतीकडे निघाला, मी रॉड आडवा धरून त्याला वळवलं. लीड पहिल्याच वळणावर सुटलं, त्यामुळे तो वर येऊन खेळला. काठाखाली त्याने दोन-तीन धडका दिल्या, मग डोकं वर आलं आणि त्याने हवा घेतली. डोकं एकदा वर आलं की नेट माशाकडे न्यायचं नाही, बुडवून ठेवलेल्या नेटवर मासा आणायचा.

नेटमध्ये आल्यावर लगेच उचललं नाही. नेट पाण्यातच ठेवून रॉड खाली ठेवला, तंगूस कापली आणि त्याला तिथेच थोडा श्वास घेऊ दिला. मग नेटच्या दांड्या सोडवून जाळी गुंडाळली. गुंडाळताना पर अंगाला चिकटलेले आहेत ना ते हाताने तपासलं, दुमडलेला पर उचलताना मोडू शकतो. मॅटवर ठेवण्याआधी मॅटवर बादलीभर पाणी. गळ खालच्या ओठाच्या मधोमध, वरून फक्त त्याचा वाक दिसत होता. चिमट्याने वाकाला धरून उलट्या दिशेने एक हलका दाब, गळ बाहेर. डोळ्यांवर ओला कपडा टाकल्याबरोबर तो शांत झाला. पाठीला लागून मोठ्या, आरशासारख्या खवल्यांची एक रांग, पोटाकडे उघडी कातडी. त्या कातडीवरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण. कोरडे हात किंवा कोरडी मॅट तो थर पुसून टाकतात आणि मग बुरशी आणि जंतूंना वाट मिळते.

फोटो घ्यायचा तर गुडघ्यांवर बसून, मासा मॅटच्या जेमतेम वर. एक हात छातीच्या परांच्या मागे, दुसरा शेपटाकडच्या पराजवळ. कल्ल्यांत बोटं कधीही नाहीत. उभं राहून कार्प धरणं मला कोणाच्याही फोटोत पाहवत नाही. तो धडपडला तर गुडघ्याइतक्या उंचीवरून पडला तरी आत जखमा होतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

इतका मोठा मासा हाताळूनही जगतो का, अशी शंका नवीन मंडळी विचारतात. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प गळाने पकडला. तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेला आणि तिथे तो पुढे कित्येक वर्षं जगला. कार्प चिवट आहे. त्या चिवटपणाचा फायदा घेऊन त्याला जास्त वेळ बाहेर ठेवायचं, असं मात्र होऊ नये.

परत सोडताना झोळी पाण्यात बुडवून मासा सरळ उभा धरायचा. कल्ले नियमित उघडझाप करायला लागेपर्यंत सोडायचं नाही. शेपूट हलवून तो स्वतःहून हातातून निघतो. उन्हाळ्यात याला जास्त वेळ लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २५ अंशाला जेमतेम ८.३. म्हणून पाणी २५ अंशांच्या वर गेलं की मी दुपारी रॉड टाकत नाही, आणि टाकलाच तर वजन आणि फोटो दोन्ही सोडतो. पाणी १८ ते २० अंशांवर आलं आणि उथळ वनस्पतींत कार्प जोड्यांनी खळबळ करू लागले, म्हणजे अंडी घालण्याचा काळ. त्या दिवसांत त्यांच्या वाट्याला जायचंच नाही. तेव्हा ते खातही नीट नाहीत.

पुढच्या टप्प्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, सहा आणि आठ नंबरचे गळ एकाच तळावर शेजारी शेजारी टाकून गळ ओठात नेमका कुठे बसतो ते प्रत्येक माशामागे टिपायचं. दुसरी, नेटमध्ये येण्यापासून परत सोडण्यापर्यंतचा वेळ घड्याळावर मोजून पाण्याच्या तापमानासोबत लिहायचा. तुमच्यापैकी कोणी आठ नंबरवर मऊ गाळात मासे घेत असेल तर हेअरची लांबी आणि गळ ओठात कुठे सापडतो, हे दोन्ही कळवा. नुसत्या माशाच्या वजनाने या तुलनेत काही कळत नाही.