तुम्ही विचारलंत म्हणून: शिबिरातून मुलं खरंच बदलतात का?

“चार-पाच दिवस मुलं खेळतात, गाणी म्हणतात, शेवटच्या दिवशी रडतात, आणि घरी गेली की पुन्हा होती तशीच. मग उपयोग काय?” पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, देणगीदार आकडे मागत विचारतात. आजवर मी “बदल हळूहळू होतो” एवढंच म्हणत आले. ते उत्तर मलाच पुरत नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

नुसत्या खेळांनी मन बदलतं, असा माझा दावा नाही. पूर्वी होता. डोळ्यांवर पट्टी बांधून अंगणात चालायचं, मग गोलात बसून काय वाटलं ते सांगायचं. मुलांचे डोळे भरून यायचे आणि मला वाटायचं, पोचलं. आता त्या रडण्यावर माझा भरवसा नाही. दहा मिनिटं पट्टी बांधलेल्या मुलाला अंधाराची भीती कळते. पांढरी काठी घेऊन रोज बस पकडणाऱ्या अंध माणसाचं कसब कळत नाही. भीतीतून कीव येते. कीव आलेलं मूल हात धरून रस्ता ओलांडून देतं, पण खेळताना आपल्या संघात घेत नाही.

तरी मी शिबिरं घेते. का, ते एका दुपारबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर होतं, वेगवेगळ्या शाळांमधली नववीची मुलं. आमच्याकडे बिल्ल्यावर फक्त नाव असतं, आडनाव नसतं. गटांना नद्यांची नावं, आणि स्वयंपाकाची पाळी प्रत्येक गटाला. त्या दिवशी भीमा गटाची पाळी होती. पिठलं-भाकरीचा बेत. गटातली एक मुलगी परातीत भाकरी अशी थापत होती, की बाकीची मुलं बघायला जमली. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी पाहून टाळ्या वाजल्या. ती लाजली, पण हात थांबला नाही.

पंगतीत एका मुलाने तिला विचारलं, “तुझं आडनाव काय गं?” तिने सांगितलं. महाराष्ट्रात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे तुम्हाला माहीत आहे. थोड्या वेळाने तो मुलगा ताटावरून उठला. “उपवास आहे.” मग दुसरा. मग दोघी मैत्रिणी. एकाचं पोट दुखायला लागलं. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती.

ती वाढत होती. टोपली हातात धरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “ताई, आज कसला उपवास आहे?”

ती खरंच विचारत होती की तिला कळलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणाले, “बस, आपण दोघी जेवू.” आम्ही जेवलो. याच महाराष्ट्रात मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपवास केला होता, तो विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून. त्या शिबिरात सकाळीच मी मुलांना ते सांगितलं होतं. उठून गेलेल्या मुलांनीही ते ऐकलं होतं.

माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, संध्याकाळच्या गोलात हे घ्यायलाच हवं. अनुभवातून शिकणं म्हणतो ना आपण, मग याहून मोठा अनुभव कुठला? पूर्वीची मी लगेच हो म्हणाले असते. मी नाही म्हणाले. तिचा अपमान हे इतरांच्या शिकण्याचं साहित्य नाही. उठलेल्या मुलांशी मी एकेकट्याने बोलले. एकाच्या वडिलांचा फोन आला: “आम्ही जात मानत नाही हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत.” आणि तिने दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाऐवजी झाडलोट मागून घेतली. ते मला सर्वांत जास्त लागलं.

त्याच सकाळी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचं, रांग करून हातोहात पुढे द्यायच्या. आडनाव विचारणारा मुलगा रांगेत नेमका तिच्या शेजारी आला. गोणी जड असते. समोरच्याने नीट धरली नाही तर पायावर पडते. दुपारपर्यंत पाणी अडलं. तो जेवायला बसला तेव्हा भाकऱ्या कोणत्या गटाच्या, हे त्याने विचारलं नाही. तो बदलला का? भूक लागली होती, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

१९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने शिबिरातल्या मुलांचे दोन गट एकमेकांविरुद्ध पेटू दिले. नंतर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर ओसरलं ते दोघांचंही पाणी बंद पडल्यावर आणि बिघडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढल्यावर. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, की नुसता सहवास पुरत नाही. दर्जा समान हवा, काम एकमेकांवर अवलंबून हवं, आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. पहिल्या दोन गोष्टी मी शिबिरात आणू शकते. तिसरी घरी हवी, शाळेत हवी. म्हणून “घरी गेल्यावर तशीच होतात” हा प्रश्न पालकांनी मला विचारला की मला राग येतो. घर माझं नाही, तुमचं आहे.

आणि आणखी एक. मुलं बदलतात का, हे विचारताना तुमच्या मनात नेहमी उठून जाणारी मुलं असतात. भाकरी थापणारी नसते. तिला त्या पाच दिवसांत काय मिळालं, हे मला कोणी विचारलेलं नाही. टाळ्या मिळाल्या, आणि ताटंही सुटून गेलेली दिसली. पहिल्याने दुसऱ्याची भरपाई झाली, असं मी म्हणणार नाही.

आता आमच्या अर्जावर एक ओळ छापलेली असते: स्वयंपाक सगळे करतात आणि सगळ्यांच्या हातचं सगळे खातात, मान्य नसेल तर मुलाला पाठवू नये. सहकारी म्हणतो, यामुळे ज्यांना शिबिराची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं गळतील. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. ओळही मी खोडलेली नाही.