बूट होताना गप्प: तिसरी रात्र

डेबियन लिनक्स. सिस्टम सुरू करून देणाऱ्या ग्रब प्रोग्रामची बीप येते (ग्रब इनिट ट्यूनमध्ये ४८० ४४० १ टाकून ती मीच लावली आहे), मग पंखा, मग काही नाही. ऑर्का, म्हणजे मला पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलतच नाही.

पहिल्या दोन रात्री ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालण्यात गेल्या. बीपनंतर बूटच्या ओळी बदलायला ‘ई’ दाबून, बाण मोजत खाली जाऊन नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवणारा पर्याय) जोडून पाहिलं. ग्रब काही बोलत नाही, त्यामुळे ओळ तरी बरोबर पकडली होती का, देव जाणे.

आज फोनमधलं उजेड ओळखणारं ॲप आठवलं. प्रकाश वाढला की त्याचा सूर चढतो. खोलीतला दिवा घालवला, फोन कॅप्स लॉकच्या दिव्यावर धरला आणि कळ दाबली. सूर चढला. परत दाबली, उतरला. म्हणजे कर्नल (सिस्टमचा गाभा) जिवंत! पॅनिक, म्हणजे कर्नल कोलमडलेलं असतं तर दिवा बहुधा आपोआप लुकलुकत राहिला असता.

मग हे थांबलंय कशासाठी? दुसऱ्या लॅपटॉपवरून नेटवर्कने आत शिरायचं एसएसएचही लागत नव्हतं. इमर्जन्सी मोडचा, म्हणजे चुकीमुळे बूट अर्ध्यात थांबल्याचा, संशय आला. तिथे नेटवर्क चढलेलं नसतं, कन्सोल बोलून दाखवणारं ईस्पीकअप सुरू झालेलं नसतं, मशीन नुसतं रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) पासवर्डची वाट बघत बसतं. दोन मिनिटं थांबले, कारण बूट होताना सगळं सुरू करणारं सिस्टमडी हरवलेल्या डिस्कची मुळात ९० सेकंद वाट बघतं. मग पासवर्ड, एंटर, रीबूट, एंटर. काही क्षणांत ग्रबची बीप! तीन रात्रींत मशीनने दिलेलं पहिलं उत्तर. (रूट खातं लॉक असतं तर इथेच खेळ संपला असता.)

डिस्क म्हटल्यावर ट्यूब पेटली. रविवारी मी बॅकअपची डिस्क काढली होती, पण एफएसटॅबमधली (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) तिची ओळ तशीच होती.

पुन्हा आत शिरले. रूट विभाग (सिस्टम असलेला डिस्कचा भाग) रीड-राइट, म्हणजे लिहिता येईल असा, माउंट केला आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने एफएसटॅबमधल्या ‘बॅकअप’ असलेल्या ओळीपुढे हॅश लावला, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. पण लागला का? ऐकायला काही नाही, म्हणून रीबूटलाच ‘हो’ म्हणायला लावलं: ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेला हॅशवाली ओळ सापडली, तरच रीबूट. पहिल्यांदा शांतता. टायपिंगची चूक. सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत पुन्हा सगळं लिहिलं. बीप. आणि थोड्या वेळाने ऑर्का! मी खरंच खुर्चीतून उठले.

आता ती ओळ नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) आणि १० सेकंदांच्या डिव्हाइस टाइमआउटसह परत घातली आहे. फाइंडमाउंट आज्ञेच्या व्हेरिफायने एफएसटॅब तपासली, डिस्क न जोडता दोनदा बूट केलं, दोन्ही वेळा आवाज आला.

उरलेलं काम: डेबियनचा इन्स्टॉलर एका पेनड्राइव्हवर घालून ठेवायचा. मेन्यू आल्यावर ‘एस’ आणि एंटर दाबलं की तो बोलायला लागतो, आणि त्यात बिघडलेली सिस्टम दुरुस्त करायचा रेस्क्यू मोडही आहे. हे मला पहिल्या रात्री आठवायला काय झालं होतं?