कोझी खूनकथा, नवी नोंद: पंच, पोपटी आणि थिजलेलं खोबरेल

माझ्या कोझी खूनकथेचं (म्हणजे रक्तपात फारसा न दाखवणाऱ्या, घरगुती वळणाच्या रहस्यकथेचं) आठवं प्रकरण एकदाचं उभं राहिलं. मागची नोंद न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मुंबईत कलिन्याजवळ बेतलेलं काल्पनिक विद्यापीठ, डिसेंबरअखेरचा हिवाळी महोत्सव, रात्री मैदानात लावलेली पोपटी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्ड्याचा पाला. सगळे एकाच मडक्यातलं खातात आणि पहाटे कर्मचारी वसाहतीत संगीत विभागाचे प्रमुख तेवढे मृत सापडतात.

गाडी अडली होती ती पुढे. कोझीत तपास हौशी माणसानं करायचा. पण पोलीस एका निवृत्त ग्रंथपालबाईंना त्या खोलीत पाऊल तरी का टाकू देतील? ओळखीचा इन्स्पेक्टर, भाचा पोलिसात वगैरे वाटा मला अजिबात नको होत्या. उत्तर कायद्यातच निघालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अशा मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष करावा लागतो. म्हणजे पंच! उद्या कोर्टात कोण खेटे घालणार म्हणून वसाहतीत सगळे काढता पाय घेतात. उपनिरीक्षक जिन्यातच विचारतो, "मॅडम, पंच म्हणून येता का जरा?" बाई शाल सावरतात आणि हक्कानं आत जातात. हे दृश्य लिहिताना फार आनंद झाला.

आता हिवाळा. बर्फातल्या पाऊलखुणा आपल्याकडे नाहीत, म्हणून मुंबईच्या थंडीचा स्वतःचा पुरावा हवा होता. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले होते, पण मला तेवढ्या कडाक्याची गरजच नाही. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजायला लागतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये बाटली, पहाटेचा गारवा, आणि तेल मात्र पाण्यासारखं पातळ. म्हणजे थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी ती कोमट केली होती, आणि खोली तर रात्रभर बंद होती असं सगळे सांगताहेत.

घरी करून पाहिलं. बंद खोलीत तेल नुसतं ढगाळतं, गॅलरीत पार घट्ट होतं, बाटली उलटी केली तरी हलत नाही. कोमट पाण्यात धरून परत बाहेर ठेवली, तर आधी कडेनं पांढरट साय धरते आणि मधोमध बराच वेळ पातळ राहतं. ही कडेची साय मी जशीच्या तशी प्रकरणात घेतली आहे. तेल घाणीवरचं शुद्धच हवं; इतर तेलं मिसळलेली असली तर भरवसा नाही. म्हणून तिसऱ्या प्रकरणात शेजारच्या काकू केसांच्या आकड्यानं थिजलेलं तेल उकरताना दाखवल्या आहेत. वाचकाला आधी दिसलं नाही तर तो खेळ खरा नव्हे, यावर मी ठाम आहे.

सगळ्यात आवडलेली गाठ पुढची. पंचनाम्यात फक्त "खोबरेल तेलाची बाटली, अर्धी भरलेली" एवढंच लिहिलं जातं, आणि दुपारी पारा तिशीपार गेला की कुठलंही खोबरेल पातळच. पुरावा गेला! पण संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, तेही शक्यतो मोबाइलवर. हवालदार बाटली तिरकी करतो ते दोन सेकंद त्या चित्रीकरणात आहेत.

विषाचं नाव इथे सांगत नाही. "व्हिसेरा राखून ठेवला" (म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवले) या वाक्यानं बाईंना पुरेसे दिवस मिळतात, आणि न्यायसहायक प्रयोगशाळा तर खरोखरच कलिन्यात, हंस भुग्रा मार्गावर आहे. अहवालाची वाट बघत बाई रोज तिच्यासमोरून चालत जातात.

नवव्या प्रकरणात महोत्सवाची दुसरी रात्र: कार्यक्रम रद्द करायचा की नाही यावरून समितीत जुंपते आणि हेतू पहिल्यांदा डोकं वर काढतो. संवाद अजून कच्चे आहेत, विशेषतः कुलसचिवांचे. तिसरं ते पाचवं प्रकरण वाचायला घेणार असाल तर एवढंच कळवा: काकूंच्या आकड्यापाशी थबकलात का?