बेजार

"ती मला बेजार झालीया म्हणते मॅडम. रोज रात्री तेच. मग ऱ्हायचं कशाला माझ्यासंगं?"

खुर्चीच्या टोकावर बसून तो हे बोलला आणि मी फाइलीत लिहिलं : 'पत्नी संसाराला कंटाळलेली. वेगळं होण्याचा विचार?' शेवटचं प्रश्नचिन्ह तेवढं शहाणपणाचं होतं. बाकी ओळ चुकीची निघाली, आणि चूक माझी.

बेळगावात समुपदेशनाचं काम करताना अशी जोडपी नवी नाहीत. (गाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) तो खानापूर रोडच्या अलीकडचा, मराठी घरातला, उद्यमबागेत लेथवर कामाला. ती बैलहोंगलकडची, शाळा कन्नड, घर कन्नड. जात एक, म्हणून स्थळ जमलं. 'भाषा काय, येईल हळूहळू,' असं दोन्हीकडच्या थोरांनी ठरवून टाकलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाचव्या महिन्यात पोट पडलं, त्यालाही सात महिने उलटले होते. तेव्हापासून ती बोलत नाही, जेवायला वाढते आणि भिंतीकडं बघत बसते, अशी तक्रार.

पहिल्या भेटीला सासूबाई सोबत होत्या. मी प्रश्न मराठीत विचारायचे, त्या सुनेला मोडक्या कन्नडात सांगायच्या आणि उत्तर स्वतःच द्यायच्या. "तिला म्हायेरी जायचंय म्हणते." आता लिहिताना लाज वाटते, पण मी ते चालू दिलं. घरच्या माणसाला दुभाषा करू नये हे मला ठाऊक होतं. पण माझं कन्नड बाजारापुरतं, बाहेर दोन जोडपी थांबलेली, आणि सासूबाई तयार होत्या. उदासी मोजायचा पीएचक्यू-९ चा तक्ता नवऱ्यानं तिला विचारून मराठीत भरला. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण २७. तिची बेरीज ६ आली. म्हणजे फार काळजीचं नाही.

दुसऱ्या भेटीआधी मी आमच्याकडच्या कन्नडभाषक सहकारी बाईंना फाइल दाखवली. त्यांनी विचारलं, "ती नेमका काय शब्द वापरते?"

"बेजार."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग कंटाळली कशावरून? आमच्यात बेजार म्हणजे मन दुखलं, उदास वाटलं, तेही येतं."

मी बेळगावात जन्मले. भाजीवाल्या अक्कांच्या तोंडून 'ब्याजार आग्याद री' लाखदा ऐकलं असेल. तरी फाइल उघडताना माझ्या कानानं मराठीतलाच बेजार घेतला, त्रासून गेलेला, नको झालेला. या गावात पाट्यांवरून भांडणं होतात, १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिवस असतो. आणि एकच शब्द दोन घरांत दोन तऱ्हेनं दुखतो, तिकडं कुणाचं लक्ष नसतं. माझंही नव्हतं.

त्या दिवशी सासूबाईंना चहा देऊन बाहेर बसवलं. सहकारी बाई आत आल्या आणि तक्ता कन्नडात, तिच्याशी एकटीशी, एकेक प्रश्न थांबून वाचला. बेरीज १५. दहाच्या पुढं गेलं की आम्ही गांभीर्यानं घेतो. जीव द्यावासा वाटतो का, हा नववा प्रश्न वेगळा पुन्हा विचारला. तिनं मान हलवली, "इल्ल." नाही. मनोविकारतज्ज्ञांची वेळ तिथल्या तिथं घेतली. मग नवऱ्याला आत बोलावलं.

"यार म्याल ब्याजार?" बाईंनी विचारलं. कुणावर?

"यार म्यालू इल्ल." कुणावरच नाही.

तो बघतच राहिला. कन्नड त्याला येतं, पण ते लेथवरचं : हाकू, तेगी, बिडू. घाल, काढ, सोड. बायकोशी त्या भाषेत तो कधी बसून बोललेलाच नव्हता.

मग ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळून बोलली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी हळू : "कूस एल्लि इट्री?"

मराठीत कूस म्हणजे आईची कूस. कन्नडात कूस म्हणजे बाळ. बाळ कुठं ठेवलंत?

हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्याला कळलं. दवाखान्यातून कापडात गुंडाळून दिलेलं ते, तो आणि त्याचा चुलता रात्री घेऊन गेले होते. शेताच्या बांधावर, जांभळाखाली पुरलं. तिला सांगू नका, तिचं मन घट्ट होऊ दे, असं घरच्यांनी ठरवलं होतं. ती सात महिने त्याच बांधावरून गवत आणत होती.

तो रडला. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो तसाच राहिला. सहकारी बाई काही बोलत नव्हत्या, मीही नाही. खूप वेळानं तो मराठीतच म्हणाला, "जांभळाखाली. मी दगड ठेवलाय." आणि तिनं 'जांभळ' हा एक शब्द उचलून त्याच्यामागं म्हटला.

पुढच्या गोष्टी भराभर ठरल्या : तिची भेट दर आठवड्याला, कन्नडात, त्याच्याशी मी वेगळी बोलणार. कारण सात महिन्यांत त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं. नणंदेच्या डोहाळजेवणाला तिला बसवून ठेवलं होतं, ओटी भरू दिली नाही, हे तिसऱ्या भेटीत निघालं. त्यावर सासूबाईंशी बोलायला मला महिना लागला.

पण त्या दिवशी दारात सासूबाईंनी एवढंच विचारलं. हातात कपाचा कान धरलेला, चहा तसाच. "मॅडम, यल्लम्माचं ऱ्हायलंय बघा. परडी भरायची. सौंदत्तीला घेऊन जाऊ काय हिला?"

दोन वर्षांपूर्वी मी 'आधी डॉक्टर' म्हणाले असते.

"जावा की मावशी. डॉक्टरांची गोळी चुकवू नका. आणि जायच्या आधी हिला एकदा शेतात घेऊन जावा."

त्यांनी लेकाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग त्या सुनेला म्हणाल्या, मोडक्या कन्नडात, "बा, होगुण." ये, जाऊ या.